दिशांना रेघ

१९७९ च्या चातुर्मासात आमच्या आईनं दिग्व्रत घेतलं. पूर्वेला सम्मेद शिखर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. वर शिखरजीच्या सगळ्यात उंच टोंकापर्यंत आणि खाली आमच्या परसातल्या विहिरीच्या तळापर्यंत. ह्याच्या पलीकडे ह्या देहानं जायचं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात होते, आणि मला ह्या सगळ्याचं हसू आलं होतं. आईचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कुंथलगिरी. मिरजेला गाडी बदलायची म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा. अशा बाईनं हस्तिनापूरच्या पुढं जाणार नाही म्हणून शपथ घ्यायची! मी म्हटलं, "आई, मी पण व्रत घेते, चंद्रावर जाणार नाही." ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "घे की. पाळ म्हणजे झालं."

हे सगळं मला चव्वेचाळीस वर्षांनी, जून २०२३ मध्ये, अलास्कात एका नकाशापुढं उभी असताना आठवलं. लेक सिएटलला असते. तिनं आणि जावयांनी रजा काढली होती, आणि मला 'काहीतरी मोठं' दाखवायचं त्यांच्या मनात होतं. ते मोठं म्हणजे रँगल-सेंट इलायस राष्ट्रीय उद्यान. १३२ लाख एकर. एकरानं अंदाज येत नाही म्हणून मी मनात आपला बेळगाव जिल्हा मांडून पाहिला. चार बेळगाव जिल्हे त्यात एकाशेजारी एक बसतील. अख्खा स्वित्झर्लंड आत ठेवला तरी जागा उरेल. अमेरिकेतल्या सर्वांत उंच सोळा शिखरांपैकी नऊ ह्याच्या हद्दीत आहेत. समुद्राच्या बाजूला मालास्पिना नावाची हिमनदी पसरली आहे, ती एकटी जवळजवळ गोव्याएवढी. आणि एवढ्या मुलखात गाडीनं शिरायला रस्ते दोन. दोन्ही कच्चे, आणि दोन्ही मध्येच संपतात.

त्या नकाशावर रस्त्यांच्या दोन बारीक रेघा होत्या आणि बाकी सगळं पांढरं नि हिरवं. लेक म्हणाली, "आई, बघ ना, ह्यातलं बहुतेक कुणीच कधी बघत नाही." तिला त्यात थरार वाटत होता. मला एकदम आईची विहीर आठवली.

दिग्व्रताबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आता आमच्यातल्याही तरुण मुलींना ते माहीत नसतं. श्रावकाच्या तीन गुणव्रतांतलं हे पहिलं. दहाही दिशांना मर्यादा घालायची आणि मरेपर्यंत तिच्यापलीकडे जायचं नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात ही मर्यादा कशानं आखायची तेही सांगितलंय: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश, नाहीतर योजनांची मोजणी. म्हणजे खूण अशी हवी की पुढं आपल्याला गैरसमजाची सोय राहू नये. आणि त्याचं फळ काय, तर मर्यादेच्या बाहेर तुमच्या हातून सूक्ष्म पापसुद्धा घडत नाही, म्हणून तिथल्यापुरती तुमची अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात. मला हा विचार फार देखणा वाटतो. आमची आई परसात चूल पेटवायची, धान्य निवडायची, झुरळं मरू नयेत म्हणून धडपडायची आणि तरी एखादं मरायचंच. पण त्याच वेळी हस्तिनापूरच्या उत्तरेला, हिमालयात, तिबेटात, उत्तर ध्रुवापर्यंत, ती जवळजवळ साध्वी होती. अलास्कातही.

मी मात्र तिथं पायात खिळे बांधून उभी होते.

आधी तिथवर कसे पोचलो ते सांगते. अँकरेजहून चिटिना गावापर्यंत डांबरी रस्ता. तिथं तांबडसर, गढूळ कॉपर नदी ओलांडली की साठ मैलांची कच्ची वाट. ही मुळात रेल्वेची वाट. रूळ काढून टाकले, पण रुळांचे जुने खिळे अजून खडीतून वर येतात आणि टायरात घुसतात, म्हणून जावयांनी दोन स्टेपन्या घेतल्या होत्या. वाटेत कुस्कुलाना नदीवर १९१० सालचा लोखंडी पूल आहे, एका गाडीपुरता, नदीपासून दोनशे फुटांहून उंच. मी णमोकार म्हणत पार केला. शेवटी केनिकॉट नदीपाशी गाडी सोडायची, पायी पूल ओलांडायचा, आणि पलीकडं मॅकार्थी नावाची वस्ती. बाजारपेठ म्हणावी असं काही नाही. मी बेळगावातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती म्हणून निभावलं. सूर्य मावळायचा रात्री साडेअकराच्या सुमाराला, त्यामुळे आम्ही दहाला जेवायला बसलो तरी माझा रात्रिभोजनत्याग अबाधित! आईला हे सांगायला हवं होतं, ती पोट धरून हसली असती.

दुसऱ्या दिवशी रूट ग्लेशियरवर गेलो. बर्फ सुरू होईपर्यंत दोन मैल चालायचं, मग बुटांना लोखंडी दात बांधायचे. वाट दाखवायला एक पोरगेला मुलगा होता. त्यानं चालायला शिकवलं: पाय घासायचा नाही, सरळ उचलायचा आणि सरळ रोवायचा. प्रत्येक पावलाला कचकच असा आवाज. मी लहानपणी पाठशाळेत एकेंद्रिय जीवांचे पाच प्रकार पाठ केलेत. पृथ्वीकायिक, जलकायिक वगैरे. जलकायिकांत दव, धुकं, गारा, बर्फ सगळं येतं. पाठशाळेत बर्फ म्हणजे सरबतातला. इथं डोंगराएवढा एक जीवसमूह पायाखाली निजलेला होता, निळ्या भेगांतून त्याच्या आत पाणी वाहताना ऐकू येत होतं, आणि मी त्याच्यावर दात रोवत चालले होते. का? तर बघायला. तो मुलगा ओंजळीनं ओहोळाचं पाणी प्यायला आणि आम्हालाही म्हणाला, प्या. मी ओढणीच्या दुहेरी पदरातून गाळून घेतलं आणि पदर त्याच ओहोळात झटकला, गाळलेले जीव जिथले तिथं. त्यानं विचारलं हे काय, लेकीनं समजावलं. तो म्हणाला, छान आहे. त्याला खरंच छान वाटलं असावं. मला मात्र लाज वाटली. गाळून पिण्याएवढी काळजी असलेल्या बाईनं आधी तिथं जायचंच कशाला?

गृहस्थाला एकेंद्रियांची हिंसा पूर्ण टळत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. म्हणून तर अनर्थदंड हा वेगळा शब्द आहे: ज्याचा काही अर्थ नाही, उपयोग नाही, अशी हिंसा. समंतभद्राचार्यांनी तिथं प्रमादाची यादी दिली आहे. उगाच माती उकरणं, उगाच पाणी उडवणं, उगाच झाड तोडणं, आणि उगाच फिरणं. पुढं त्यांनी 'फिरवणं' असाही शब्द घातलाय, म्हणजे माझ्या लेकीचाही हिशेब तिथंच मांडून ठेवलाय. पर्यटनाची याहून नेमकी नोंद मी कुठं वाचलेली नाही. पण सौंदर्य पाहून मन निवळणं हा 'अर्थ' नव्हे काय? ते निळं पाणी पाहताना माझ्या मनात लोभ नव्हता, राग नव्हता, असल्या दोन-पाच मिनिटांसाठी आपण देवळात तासन् तास बसतो. ह्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथंच दोनदा बदललं. चढताना एक होतं, उतरताना गुडघे दुखायला लागल्यावर दुसरं.

ह्या रानाला रेघ कशी पडली, ती गोष्टही मला तिथंच कळली. १९०० साली दोन खाणवाल्यांना उंच कड्यावर हिरवा डाग दिसला. त्यांना वाटलं, घोड्यांना गवत आहे. ते गवत नव्हतं, तांब्याचं खनिज होतं. मोठ्या भांडवलदारांनी पैसा ओतला, समुद्रावरच्या कोर्डोव्हापासून १९६ मैलांची रेल्वे बांधली, १९११ ते १९३८ डोंगर पोखरला. केनेकॉटची ती लाल रंगाची, डोंगराच्या उतारावर चौदा मजले चढत गेलेली लाकडी गिरणी अजून उभी आहे. डोंगराच्या पोटात सत्तर मैलांच्या वर बोगदे. वीस कोटी डॉलर्सचं तांबं निघालं, खनिज संपलं, आणि १९३८ च्या नोव्हेंबरात शेवटची गाडी गेली. माणसं ताटं-वाट्या तशाच टाकून निघून गेली म्हणतात.

गिरणीच्या पुढ्यात खाली दरीभर करड्या मातीचे ढीग दिसतात. मला वाटलं खाणीची राड. नव्हे, ती हिमनदीच आहे. वर दगडमातीचा थर, खाली बर्फ. गिरणी चालू होती तेव्हा बर्फ इतका उंच होता की पलीकडची दरी दिसत नसे. आता तो खाली खचलाय आणि तुम्ही गच्चीवरून अंगणात बघावं तसं त्याच्याकडं बघता. बर्फ कुणी खणून नेला नाही. तो आमच्यासारख्यांच्या धुरानं जातोय, बेळगावच्या धुरानंही, आणि मी ज्या विमानानं गेले त्याच्या धुरानं तर नक्कीच. पायातल्या दातांचा विचार करणारी मी, विमानाचा विचार तिथं उभी राहीपर्यंत केला नव्हता.

आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. हंडे, घागरी, बंब, तांबे. केनेकॉटचं तांबं आमच्या दुकानात आलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या धातूच्या ठणठणाटात मी लहानाची मोठी झाले तो कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून आला, हे मला त्रेसष्ट वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितलेत: वरची मर्यादा ओलांडणं, खालची ओलांडणं, आडवी ओलांडणं, लोभानं क्षेत्र वाढवणं, आणि मर्यादा विसरून जाणं. खाली म्हणजे विहीर, खाण. आम्ही मुलं 'विहिरीच्या तळापर्यंत' ऐकून फिदीफिदी हसायचो.

आता दादाबद्दल.

व्रत घेतलं तेव्हा दादा सांगलीला इंजिनिअरिंगला होता. नंतर तो डेट्रॉइटला गेला. १९९१ च्या जानेवारीत तिथं बर्फावरून त्याची गाडी घसरली. दीड महिना तो दवाखान्यात होता, पहिले दहा दिवस शुद्धीवर नव्हता. आप्पा गेले. आई गेली नाही. वहिनीचा फोन यायचा, ती रडायची, "आईंना पाठवा हो." एका पंडितजींनी तोड सुचवली: पूर्वेची मर्यादा थोडी कमी करा, तेवढी पश्चिमेला वाढवून घ्या. आई म्हणाली, "मापं बदलून माल द्यायचा तर दुकान तरी कशाला उघडायचं?" तिनं तूप सोडलं, मीठ सोडलं, एक वेळ जेवायची, आणि दिवसभर माळ.

मी तेव्हा तिला नको ते बोलले. "दादा तिकडं मरणाच्या दारात आणि तू इथं माळ ओढत बसलीस. तुझं व्रत मोठं का पोरगा?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रेघ ओढली तेव्हा तो सांगलीत होता बाळ. आता ती त्याच्या घरावरनं गेली, त्याला मी काय करू?"

दादा वाचला. त्यानं आईला त्याबद्दल कधी विचारलं नाही, दरवर्षी रेघेच्या आत येत राहिला. आई २००८ मध्ये गेली. राग धरला तो मीच. मला वाटायचं, ज्या व्रतानं माणूस मुलाच्या उशाशी बसू शकत नाही, ते व्रत अहिंसेचं कसलं? त्यातून वहिनीला जी इजा झाली ती कुठल्या खात्यात? अजूनही मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण तेव्हा मला दिसली नव्हती अशी एक गोष्ट अलास्कात दिसली, आणि तीही मांसाच्या फ्रीजरपाशी.

जिच्याकडं आम्ही उतरलो होतो ती बाई वर्षभर तिथंच राहणारी. तिनं हौसेनं फ्रीजर उघडून दाखवला: मूस नावाच्या सांबरासारख्या प्रचंड प्राण्याचं मांस, सामन मासे, हिवाळ्याची बेगमी. मी दोन पावलं मागं सरले. राष्ट्रीय उद्यानात शिकार? मग कळलं की तसा कायदाच आहे. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ह्या भागाला संरक्षण दिलं तेव्हा तिथल्या लोकांचा संताप झाला होता. दोन वर्षांनी उद्यानाचा कायदा झाला, त्यात तडजोड केली: इथं पूर्वीपासून राहणाऱ्यांनी आपल्या पोटापुरती शिकार करावी, मासे धरावेत, लाकूड घ्यावं. ह्या लोकांत अहत्ना आहेत, कॉपर नदीकाठचे मूळ लोक. तांब्याची हत्यारं ते शेकडो वर्षं करत होते. निकोलाय नावाच्या त्यांच्या प्रमुखानं १८९९ मध्ये, उपासमारीच्या काळात, अन्नाच्या बदल्यात गोऱ्यांना तांब्याची जागा सांगितली. वॉशिंग्टनमध्ये बसून ज्यांनी 'हे रान जसंच्या तसं राहील' अशी रेघ ओढली, त्यांना तिथं कधी राहायचं नव्हतं. रान त्यांना सोपं होतं. रेघ गेली ती अहत्नांच्या स्वयंपाकघरावरून, आणि मग कायद्याला वाकून त्या घरात दार ठेवावं लागलं.

मी त्या बाईला म्हटलं, आम्ही मांस खात नाही, कंदमुळंही नाही. तिनं कुतूहलानं विचारलं, "मग हिवाळ्यात तुमची भाजी कुठून येते?" मी म्हटलं, आमच्याकडं हिवाळ्यातच भाजी जास्त. तिला ते खरं वाटेना. तिच्याकडं टोमॅटो हजारो मैलांवरून येतो, जहाजानं, ट्रकनं. मूस मात्र घरामागच्या रानातून. मी तिथं चार दिवस जे टोमॅटो, काकडी खाल्ली त्याच्यामागं किती धूर होता ते मला मोजता येणार नाही. म्हणून मी मारणं बरोबर म्हणू का? नाही म्हणत. पंचेंद्रिय जीव मारणं मला त्या फ्रीजरपाशीही पाप वाटलं, इथं लिहितानाही वाटतं. फक्त तिच्याशी बोलताना माझा आवाज जरा खाली आला.

आणि आणखी एक आठवलं. त्याच वर्षी जानेवारीत मी मोर्चात चालले होते. सम्मेद शिखर पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून गावोगाव जैन समाज रस्त्यावर आला होता. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी, तिथं सहली, दारू, मटण नको. केंद्र सरकारनं पर्यटनाला स्थगिती दिली, आम्ही पेढे वाटले. मग लगेच संथाळ लोक पुढं आले. तोच डोंगर त्यांचा मरांग बुरू, त्यांचा देव, आणि त्यांची शिकारीची जुनी प्रथा त्याच्याशी जोडलेली. मोर्चात माझ्या शेजारी चालणारी एक बाई म्हणाली होती, "हे आता कुठून आले?" मीही तेव्हा मान डोलावली. ते कुठून आले नव्हते. तिथंच होते. आमची रेघ त्यांच्या अंगणातून गेली होती आणि आम्ही वरून शिखराकडं बघत होतो.

मग मला आईचं उत्तर निराळं ऐकू आलं. रेघ घराघरांवरून जाणारच, कारण जिथं कुणी राहत नाही, कुणाला काही हवं नाही, तिथं ओढलेली रेघ म्हणजे माझं चंद्रावर न जाण्याचं व्रत. फरक एवढाच की आईच्या रेघेखाली आधी तिचं स्वतःचं घर आलं. वहिनीचंही आलं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. हे मी आईच्या बाजूनं कितीही बोलले तरी उरतंच. मीसुद्धा वहिनीला ह्याबद्दल कधी विचारलेलं नाही.

शेवटच्या दिवशी लेक-जावई छोट्या विमानातून बर्फावरून फिरून आले. मी गेले नाही. व्रत म्हणून नव्हे, भीतीनं, आणि भीतीनं न जाण्याला व्रताची किंमत नसते हे मला माहीत आहे. मी टोपीवरची डासांची जाळी ओढून धावपट्टीच्या कडेला बसले होते. ब्लॅकबर्नचं शिखर समोर होतं, १६,३९० फूट. गंमत म्हणजे केनेकॉट स्वतः आपल्या बेळगावपेक्षा खालीच आहे, त्यामुळे पायांनी तरी मी आईची वरची मर्यादा मोडली नव्हती. लेक उतरली ती डोळे मोठे करून. "आई, संपतच नाही गं. नुसतं पुढं पुढं बर्फ."

घरी आल्यावर दशलक्षणात मी एक वही काढली आणि दिशा लिहायला घेतल्या. 'वर' लगेच झालं. 'खाली' झालं, आमची विहीर आता बुजवलीय म्हणून तळघरापर्यंत लिहिलं. दक्षिण, उत्तर झाले. पूर्व-पश्चिमेला अडले. सिएटलला पूर्वेकडून जायचं का पश्चिमेकडून, पृथ्वी गोल असल्याचा हा त्रास आचार्यांना नव्हता. शेवटी लेकीला फोन लावला आणि विचारलं, "तू तिथंच राहणार आहेस का कायमची?"

"काही सांगता येत नाही, कंपनी व्हँकूव्हरला पाठवायचं म्हणतेय," ती म्हणाली. "का गं?"

वही अजून तशीच आहे.